कॅमशाफ्टच्या गावात विजेची मोटार

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापना. सोलापुरात रूपाभवानीच्या देवळासमोर पहाटेपासून रांग लागली होती. तुळजापूरहून ज्योत घेऊन निघालेली मंडळांची पोरे अनवाणी धावत गावोगावी परतत होती. शहरातल्या मोटारींच्या शोरूममध्ये मात्र वेगळीच लगबग होती. रातोरात दरपत्रके बदलली होती, कारण जीएसटीचे नवे दर त्याच दिवशी लागू झाले. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या पेट्रोल गाडीवरचा कर २९ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर आला. दसऱ्याला गाडी दारात आणायची म्हणून पितृपक्षभर थांबलेल्या गिऱ्हाइकाला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

विजेच्या गाडीवरचा कर होता तेवढाच राहिला, ५ टक्के. तिची किंमत एका रुपयानेही वाढली नाही. तरीही त्या सोमवारी ती गिऱ्हाइकाच्या हिशोबात महाग झाली.

हे कसे घडले ते एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणातून पाहू. समजा, एक छोटी पेट्रोल गाडी कारखान्यातून सगळे कर वगळून ८ लाखांना निघते आणि तशीच विजेवर चालणारी गाडी ११ लाखांना. घटस्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, म्हणजे बिल १० लाख ३२ हजारांचे. त्यावर राज्याचा एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर तो ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असतो. आपली गाडी १० लाखांच्या वर गेलेली, म्हणून १२ टक्के, साधारण १ लाख २४ हजार. विमा बाजूला ठेवला तर गाडी पडली ११ लाख ५६ हजारांना. विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि वाहन कर शून्य, म्हणजे ११ लाख ५५ हजार. कारखान्याच्या दारात ३ लाखांचा फरक असलेल्या दोन गाड्या सोलापूरच्या एमएच-१३ ची पाटी लागेपर्यंत एकाच किमतीच्या झाल्या होत्या.

२२ तारखेपासून तीच पेट्रोल गाडी १८ टक्क्यांनी ९ लाख ४४ हजारांवर आली. आता ती १० लाखांच्या आत असल्यामुळे राज्याचा करही ११ टक्क्यांच्या टप्प्यात उतरला. एकूण १० लाख ४८ हजार. केंद्राने एक पायरी खाली आणली आणि राज्याच्या तक्त्यात ती आपोआप आणखी एक पायरी उतरली. विजेची गाडी होती तिथेच, म्हणजे आता १ लाख ७ हजारांनी महाग.

या उदाहरणातला ३ लाखांचा फरक उगाच घेतलेला नाही. विजेच्या गाडीत सगळ्यात महागडी वस्तू बॅटरी. २०२४ मध्ये जगभरातल्या बॅटरी संचांची सरासरी किंमत किलोवॅट-तासाला सुमारे ११५ डॉलर होती. ३० किलोवॅट-तासांचा संच धरला तर त्या वेळच्या विनिमय दराने ती रक्कम तीन लाख रुपयांच्या जवळपास जाते. म्हणजे २०१९ ते २०२५ या काळात महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाच्या बॅटरीचा खर्च कराच्या फरकातून निघत होता असे म्हणता येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हापासून ही व्यवस्था उभी राहिली. खासगी मोटारीच्या बाबतीत तीच मुख्य आधार होती. केंद्राच्या फेम-२ या अनुदान योजनेतली मोटारींची सवलत टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापरासाठी होती आणि २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोटारींना जागाच नाही. विजेच्या गाडीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत मिळणारी प्राप्तिकराची वजावटही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. केंद्राचा एकेक टेकू निघत गेला आणि जीएसटीतला फरक तेवढा उरला. आता छोट्या गाड्यांत तोही २४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आला आहे.

पेट्रोल गाड्यांवरचा कर कमी करायला नको होता असे यावरून म्हणायचे नाही. पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला दिलासा मिळाला, तो मोलाचाच आहे. पण कर ठरवताना एका वस्तूपुरते पाहून चालत नाही. गिऱ्हाईक दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघते, आणि एकीवरचा कर हलला की दुसरीची किंमत न हलताही बदलते.

गाडी घेतल्यानंतरचा हिशोब मात्र विजेच्या बाजूने आहे, आणि त्यामागेही करच आहेत. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत. त्यांच्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या तालुक्यांतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, राज्याची हद्द ओलांडली की पंपावरचा आकडा बदलतो हे तो वर्षानुवर्षे पाहत आला आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर धावते असे धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपये लागतात. घरच्या मीटरवर चार्ज केलेली छोटी विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला दीड-दोन रुपये. वाचतात पाचेक रुपये. १ लाख ७ हजारांचा फरक भरून निघायला साधारण २१ हजार किलोमीटर चालवावी लागेल. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्याला सुमारे दोन वर्षे. घरापासून बाजार समितीपर्यंत जाऊन परत येणाऱ्याला मात्र सहा-सात वर्षे. घरात वापरलेल्या विजेवर जीएसटी नाही, पण सार्वजनिक केंद्रावर चार्ज केली तर ती सेवा मानली जाते आणि १८ टक्के लागतात. आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प ज्या जिल्ह्यात उभा आहे, तिथेही स्वतःचे पार्किंग नसलेल्या भाडेकरूला वीज अशी महाग पडते.

राज्याच्या वाहन कराचाही एक इतिहास आहे. एके काळी शहराच्या वेशीवर जकात होती, मग स्थानिक संस्था कर आला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला आणि हे दोन्ही गेले. बुडालेले उत्पन्न भरून काढायला महाराष्ट्राने वाहन कराचे दर २ टक्क्यांनी वाढवले. पेट्रोल गाडीचे ९ टक्क्यांचे ११ झाले ते तेव्हा. जकात नाक्यावरची रांग संपली, पण नाक्याचा काही भाग आरटीओच्या पावतीत जाऊन बसला. विजेच्या गाडीला या करातून पूर्ण माफी आहे, म्हणून तिला मिळणारा लाभ २०१७ नंतर आपोआप वाढला. कोणी तसे ठरवले नव्हते.

ही माफी २०२५ मध्ये थोडक्यात वाचली. मार्चमधल्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे सांगितले. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना १० टक्के कर लावणारा कायदा केला होता. सोलापूरहून विजयपूर शंभरेक किलोमीटरवर, आणि एकाच गाडीवर दोन गावांत अडीच-तीन लाखांचा फरक! महागड्या गाड्या घेणारे लोक मूठभर असतात हे खरे. पण दोनेक आठवडे शोरूममध्ये ‘कर लागणार का?’ हाच प्रश्न फिरत राहिला तर नुकसान मूठभरांपुरते राहत नाही.

पाठोपाठ एप्रिलच्या अखेरीस मंत्रिमंडळाने नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केले. त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आणि तरतूद १,९९३ कोटी रुपयांची. वाहन कर आणि नोंदणी शुल्काची माफी कायम राहिली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारींना पूर्ण टोलमाफी जाहीर झाली. अटल सेतूवर ती ऑगस्टमध्ये सुरूही झाली. मुंबई, पुणे आणि नागपूरकरांना याचा रोजचा उपयोग आहे. सोलापूरकर मात्र पुण्याला निघाला की सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे नाके पार करत जातो, आणि पूर्ण माफीच्या त्या यादीत हा रस्ता नाही. राज्याची सवलत कागदावर सर्वांना सारखी असली तरी कोणता रस्ता कुठून जातो यावर तिची किंमत ठरते. पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या टोकाला ती सर्वांत उशिरा पोचते ही तक्रार सोलापूरला नवी नाही, आणि या बाबतीत ती रास्त आहे.

सवलत आणि विक्री यांचे नाते किती थेट असते हे दुचाकींनी दाखवून दिले. १ जून २०२३ पासून केंद्राने विजेच्या दुचाकींचे अनुदान किलोवॅट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आणले आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत असलेली मर्यादा १५ टक्के केली. मे महिन्यात देशभरात १ लाखाहून अधिक विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्ये ती निम्म्याहून खाली आली. काही गिऱ्हाइकांनी मेमध्येच घाईने गाडी उचलली हे त्यातले एक कारण. पण घाई करायला लावणारी गोष्टही तीच होती. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये अनुदान अचानक बंद केले आणि पुढच्या वर्षी तिथली विजेच्या मोटारींची विक्री २७ टक्क्यांनी घसरली. उलट नॉर्वेने १९९० पासून खरेदी करातून आणि २००१ पासून २५ टक्के व्हॅटमधून विजेच्या गाड्यांना सूट दिली आणि ती दशकानुदशके टिकवली. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या प्रत्येक १०० नव्या मोटारींपैकी ८९ विजेच्या होत्या. नॉर्वेचे कौतुक करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या देशात मोटारींचा मोठा उद्योगच नाही. पेट्रोल इंजिन गेले म्हणून तिथली भट्टी थंड पडत नाही. सोलापूरचे तसे नाही, आणि त्याकडे येऊच.

त्याआधी देशाच्या सीमेवरचा कर. १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने भारतातले पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. शांघायहून आलेल्या मॉडेल वाय गाडीची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून. अमेरिकेत तीच गाडी ४४,९९० डॉलरपासून, म्हणजे चाळीस लाखांच्या आत मिळत होती. मधल्या वीस लाखांत मोठा वाटा आयात शुल्काचा. भारतात तयार मोटार आणायची तर ४० हजार डॉलरच्या आतल्या गाडीवर ७० टक्के आणि त्यावरच्या गाडीवर एकूण ११० टक्के शुल्क पडते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एक दार किलकिले केले होते. भारतात तीन वर्षांत ४,१५० कोटी रुपये गुंतवून कारखाना उभारण्याची हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाला ८ हजार गाड्या १५ टक्के शुल्कात आणता येणार होत्या. टेस्लाने ती हमी न देता पूर्ण शुल्क भरून गाड्या विकायचे ठरवले.

या उंच भिंतीचा हिशोब रांजणगाव आणि चाकणच्या रस्त्यावर उभे राहिले की समजतो. टाटांची नेक्सॉन रांजणगावात आणि महिंद्रांच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला तयार होतात. चिनी गाड्या मोकळ्या दाराने आल्या असत्या तर या उत्पादन साखळ्यांना उभे राहायला वेळ मिळाला असता का, अशी शंका आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावले. युरोपीय संघाने नेहमीच्या १० टक्क्यांवर कंपनीनुसार आणखी ३५ टक्क्यांपर्यंत वाढवले. भारताने जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार केला, तेव्हाही पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवताना विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षे बाहेर ठेवले.

पण भिंत गाडीला अडवते, गाडीच्या पोटातल्या वस्तूंना नाही. विजेच्या मोटरमध्ये दुर्मिळ मृदा धातूंचे चुंबक लागतात, आणि ते बनवण्यात चीनचा जवळजवळ एकाधिकार आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलै-ऑगस्टपर्यंत त्याची झळ पुणे परिसरात पोचली आणि बजाजच्या विजेवरच्या चेतकचे उत्पादन जवळपास थांबायची वेळ आली. कर वाढला नव्हता, सवलत काढली नव्हती. बीजिंगमध्ये एक परवाना अर्ज पडून होता एवढेच. नोव्हेंबरमध्ये केंद्राने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तिचे फळ दिसायला काही वर्षे जातील.

आता सोलापूर. विजेच्या गाडीच्या चर्चेत हे शहर सहसा गिऱ्हाईक म्हणूनच मोजले जाते. प्रत्यक्षात ते या बदलाच्या दुसऱ्या टोकालाही उभे आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कारखाने आहेत. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी जगातल्या मोठ्या कॅमशाफ्ट उत्पादकांपैकी एक आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी, टाटा अशा कंपन्यांच्या इंजिनांत सोलापूरच्या भट्टीत ओतलेले दंड फिरतात. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा एक लोखंडी दंड. त्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दंड फिरला की हे उंचवटे क्रमाने झडपा दाबतात. त्या उघडल्या की इंधन आणि हवा आत जाते, धूर बाहेर पडतो. एका केसाएवढी चूक झाली तरी इंजिनाचा ताल बिघडतो, म्हणून हे काम हात बसलेल्या माणसांचे आहे.

विजेच्या मोटारीत झडपा नसतात. म्हणून कॅमशाफ्टही नसतो.

त्यामुळे घटस्थापनेच्या दिवशी झालेल्या करकपातीचा सोलापुरात दुहेरी अर्थ होता. शोरूममध्ये विजेची गाडी मागे पडली, आणि त्याच वेळी चिंचोळीतल्या पाळीला जास्त काम मिळण्याची शक्यता वाढली, कारण छोट्या पेट्रोल गाड्या खपल्या की कॅमशाफ्ट लागतात. एकाच घरात थोरल्याला विजेची गाडी घ्यायची असेल आणि धाकटा इंजिनाच्या भागांवर पोट भरत असेल, तर जीएसटी परिषदेचा एक निर्णय त्या घरात दोन वेगवेगळ्या बातम्या घेऊन येतो.

बाहेरचा वारा आणखी निराळा. ३ मे २०२५ पासून अमेरिकेने आयात मोटारभागांवर २५ टक्के शुल्क लावले आणि इंजिनाचे भाग त्यात आले. ऑगस्टच्या अखेरीस भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले तेव्हा सोलापूरचे टेरी टॉवेलवाले हादरले होते. यंत्रमागाच्या गल्ल्यांत व्यापार धोरण हा अर्थशास्त्राचा विषय नसतो, पुढच्या आठवड्यात माग किती दिवस चालेल याचा असतो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झालेले पाहिलेली पिढी अजून हयात आहे. तंत्र बदलते आणि गाव ते उशिरा ओळखते तेव्हा काय होते, हे इथे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून प्रिसिजनने केलेली धडपड लक्ष देण्याजोगी आहे. २०१८ मध्ये कंपनीने नेदरलँड्समधल्या इमॉस या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. ट्रक आणि बसचे डिझेल इंजिन काढून विजेची यंत्रणा बसवणे हा इमॉसचा उद्योग. पुढे छोट्या मालवाहू गाड्यांचे असे रूपांतर भारतातही करण्याच्या कामाला कंपनीने हात घातला. कल्पना सोलापूरच्या स्वभावाला साजेशी आहे: जुनी गाडी फेकायची नाही, तिचे हृदय बदलायचे. पण इथेही कराचा तक्ता आडवा येतो. नवी विजेची गाडी घेतली तर बॅटरीसकट ५ टक्के कर, आणि सुटी बॅटरी विकत घेतली तर १८ टक्के. जुन्या टेम्पोला वीज लावणारा छोटा वाहतूकदार नवी गाडी घेणाऱ्यापेक्षा जास्त दराने कर भरतो. जुन्या गाड्यांच्या बाजारातही हाच प्रकार. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने व्यापाऱ्याने विकलेल्या वापरलेल्या विजेच्या गाडीच्या नफ्यावर १८ टक्के कर ठरवला, आधी तो १२ टक्के होता. नव्या गाडीला लाड आणि जुनीला सावत्र वागणूक, यात सामान्य माणसाचे नुकसान आहे, कारण सोलापूरसारख्या शहरात अनेकांची पहिली मोटार जुनीच असते. या दोन दरांची फेरतपासणी व्हायला हवी, आणि ती अवघडही नाही.

शहराच्या बससेवेसाठी केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतही सोलापूरचे नाव आहे. बस घेणाऱ्या महापालिकेला शोरूमच्या किमतीची चिंता नसते, करार दहा-बारा वर्षांचे असतात आणि किलोमीटरमागे पैसे ठरलेले असतात. खासगी गिऱ्हाइकाला अशी खात्री कोणी देत नाही. २०२५ च्या दसऱ्याला सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या विजेच्या गाडीचा शेवटचा हप्ता २०३२ मध्ये जाईल. राज्याचे धोरण ३१ मार्च २०३० ला संपते. तोपर्यंत जीएसटी परिषदेच्या किती बैठका होतील, बीजिंग आणि वॉशिंग्टनहून कोणते आदेश निघतील, याचा अंदाज ना होटगी रस्त्यावरच्या विक्रेत्याला आहे, ना चिंचोळीत पुढच्या वर्षी कोणते यंत्र घ्यायचे हे ठरवणाऱ्याला. यंत्राचे आयुष्य तर गाडीच्या कर्जापेक्षाही मोठे असते.